ओहोटीतली सुनावणी

नवापूरच्या नवसीने एकदा बंदरावरून लेकीला जेवायला हाक मारली, तर दमणकडे निघालेलं एक गलबत आपल्यालाच बोलावलं समजून माघारी फिरलं आणि त्याच्या तांडेलाला वाढून घालावं लागलं. ही गोष्ट खोटी म्हणणारे लोक आहेत. पण नवसीच्या तोंडावर ती खोटी म्हणणारा अजून जन्माला यायचा आहे.

अशा बाईने सव्वा महिना तोंड मिटून ठेवलं, तेव्हाच लोकांनी ओळखायला हवं होतं. बोंबील सुकत घातलेल्या बांबूंच्या वलांडींखालून ती मुकाट जायची. तिची जुनी वैरीण गोजराबाई, तिने मुद्दाम काढलेल्या खोडीलाही उत्तर द्यायची नाही. संध्याकाळी आपल्या होडीत बसून खाडीच्या पाण्याकडे बघत राहायची. तिची होडी म्हणजे गावाला खाडी ओलांडून देणारी तर. नवऱ्यामागे तिनेच ती चालवायला घेतली होती. या काठची माणसं त्या काठाला, त्या काठची या काठाला. लोक म्हणायचे, नवसी निवली. नवसी कसली निवते! ती पाणी मोजत होती.

झालं होतं असं. नवसीची लेक हंसा बोईसरला ज्ञानप्रकाश हायस्कुलात अकरावीला होती. ही शाळा आता शोधायला जाऊ नका, सापडायची नाही. अकरावी म्हणजे त्या वेळची मॅट्रिक, आणि बंदरावरची एकही पोर तोवर मॅट्रिकला बसली नव्हती. डिसेंबरात शाळेत वादविवाद ठेवला. विषय, ‘विद्यार्थी हा नागरिक आहे काय?’ कोणी कुठल्या बाजूने बोलायचं ते हेडमास्तरांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. हंसाच्या चिठ्ठीत निघालं, ‘आहे.’

पोर बोलली. राज्यघटना बोलली, कलमं बोलली, आणि बोलता बोलता म्हणाली, “ज्या शाळेत मासेमारांची मुलं शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी बसवली जातात, आणि वास जावा म्हणून ती खिडकी थंडीतही उघडी ठेवतात, त्या शाळेतला विद्यार्थी नागरिक असेल, पण त्याला ते अजून कोणी कळवलेलं नाही.” पोरं हसली. टाळ्या पडल्या. पहिल्या खुर्चीत बसलेले नागोरावशेठ मात्र हसले नाहीत. नागोराव शाळेच्या कमिटीचे चेअरमन. देशावरून येऊन बोईसरला खडीची खाण काढून बसलेले. कप ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलाला गेला, आणि दुसऱ्या दिवशी हंसाचं नाव पटावरून गेलं. कारण शिस्तभंग.

नवसी शाळेत गेली. डोक्यावर टोपली होती, कारण बाजारातूनच गेली होती. हेडमास्तर चंद्रभान मास्तरांनी तिला दाराबाहेर उभं ठेवलं आणि वहीतून मान वर न करता सांगितलं, “बाई, चीनच्या लढाईपासून देशात आणीबाणी आहे. हक्कबिक्क सध्या स्थगित आहेत. आपण जा.”

नवसीला आणीबाणी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण हा माणूस मान वर करत नाही एवढं दिसत होतं. ती मागे वळली. फाटकापर्यंत पोचली नाही तोच शिपाई बादली घेऊन आला आणि ती जिथे उभी होती त्या पायरीवर त्याने फिनेल ओतलं.

ते तिने पाहिलं. त्या दिवसापासून तिच्या नाकातून फिनेल गेलं नाही. ताजी सुरमई कापली तरी फिनेल, भात उकळला तरी फिनेल.

मॅट्रिकचा अर्ज भरायची वाढीव मुदत तीस जानेवारीला संपत होती. अर्ज हंसाने भरून ठेवला होता, फक्त हेडमास्तरांची सही नव्हती. ती नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर सहा वर्षं रोज पहाटे बोईसरपर्यंत तुडवलेली वाट पाण्यात. हंसा तीनदा शाळेच्या फाटकाशी जाऊन परत आली. मग तिनेही जाणं सोडलं आणि आईबरोबर होडीवर सुकाणूला बसू लागली.

अशात सव्वीस जानेवारीच्या चार दिवस आधी शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला. तोच फिनेलवाला. पल्याडच्या काठावर प्रजासत्ताक दिनाची सभा आहे. नागोरावशेठ ‘नागरिकांचे मूलभूत हक्क’ या विषयावर भाषण करणार. बोईसरला झेंडावंदन उरकून शेठ आणि हेडमास्तर साडेअकराला तरीवर येतील. होडी धुऊन ठेवायची.

नवसीने बोटांवर मोजलं. बंदरावर घड्याळ कोणी बघत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. हे तिथलं पोर चालायच्या आधी शिकतं. सव्वीसला पौषातली वद्य द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे नऊला खाडी काठोकाठ, आणि साडेअकराला निम्मं पाणी पळालेलं, उरलेलं पळायच्या घाईत. तीनला तर खाडीत नुसता गाळ. खाडीच्या त्या गाळाने म्हणे एक अख्खं वऱ्हाड वाजंत्र्यासकट गिळलं होतं आणि अमावस्येला अजून त्यातून सनईचे बुडबुडे येतात.

दुसरं कोणी असतं तर नवसीने सांगितलं असतं, बाबा, नवाला या, नायतर दुसऱ्या दिवशी या. बोईसरच्या साहेबांना तिथी विचारायची सवय नव्हती, आणि आता त्यांना ती लावायची नवसीची इच्छा नव्हती.

“सांग शेठला,” ती शिपायाला म्हणाली, “सावकाश येवंद्या. होडी तयार हाय.”

सव्वा महिन्यात तिने एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं. सव्वीसला होडीवर जाताना तिने अर्ज मेणकापडात गुंडाळून कमरेला खोचला. हंसाला त्यातलं अक्षर सांगितलं नाही.

*

नागोरावशेठ आले ते काळा कोट, कडक इस्त्रीचं धोतर आणि करकर वाजणारे नवे जोडे घालून. मागून चंद्रभान मास्तर. बारीक माणूस, खांदे पुढे झुकलेले, काखेत भाषणाची वही. भाषण अर्थातच त्यांनीच लिहिलेलं. अकरा वर्षं शेठच्या तोंडातून जे काही शहाणपण बाहेर पडत होतं ते मास्तरांच्या दौतीतलं होतं. सुकाणूवर हंसाला पाहून मास्तरांनी खाली बघितलं. शेठने बघितलंच नाही. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

“किती वेळ लागेल ग?” त्यांनी विचारलं.

“पाण्यावर हाय,” नवसी म्हणाली आणि बांबू रेटला.

रोजची वाट तिवरांच्या कडेकडेने, खोल पाण्यातून जायची. अर्ध्या खाडीत नवसीने होडीचं तोंड वळवलं. हंसा दचकली. “आये, हिकडं उथळ हाय!”

“सुकाणू धर गप.”

पल्याडचा काठ आला. सभेला जमलेली माणसं दिसू लागली, बाया, पोरं, झेंडा, खांबाला बांधलेली पताका. शेठने टोपी सारखी केली. आणि काठ चाळीस हातांवर असताना होडी खालून कोणीतरी धरावी तशी थांबली. एक धक्का नाही, आवाज नाही. गाळावर बसली.

“काय झालं?” शेठ.

“बसली.”

“मग ढकल की.”

“आता ढकलून काय व्हत नाय, शेठ. पानी उतरतंय. सांजच्याला भरती आली की होडी आपली आपण उठंल.” नवसीने बांबू आडवा ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि ऐसपैस बसली. “सहा वाजता.”

शेठने खिशातलं घड्याळ काढलं. बाराला दहा कमी. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, जणू दोष त्याचा. मग ते उभे राहून काठाकडे ओरडले, “अरे, दुसरी होडी आणा!”

काठावर गोजराबाई कमरेवर हात देऊन उभी होती. नवसीइतका आवाज पंचक्रोशीत फक्त तिचा, आणि त्यावरून दोघींचं वीस वर्षं वैर. तिने एकदा होडीकडे, एकदा नवसीच्या तोंडाकडे बघितलं. खाडीत आयुष्य काढलेल्या बाईला ही होडी चुकून इथे आलेली नाही हे कळायला तेवढं पुरे होतं.

“कुठली होडी, शेठ?” ती ओरडली. “समद्या होड्या चिखलात बसल्यात. पन सभा कशाला थांबते? तुमी तिथून बोला, आमी हितून ऐकतो. बसा ग बायांनो!”

आणि अख्खी सभा उठून काठाच्या दगडांवर येऊन बसली.

“हे डांबून ठेवणं झालं!” नागोराव नवसीवर वळले. “मला कुठेही जायचा यायचा हक्क आहे. घटनेने दिलेला!”

“जावा ना,” नवसी म्हणाली. “धरलंय कोनी? आमची मानसं गाळात फळी टाकून जातात. फळीवर पोटावर निजायचं आन हातानं सरकायचं. मागवू फळी?”

शेठने आपल्या धोतराकडे पाहिलं. काठावरच्या दीडदोनशे डोळ्यांकडे पाहिलं. “मी? पोटावर?” म्हणाले आणि खाली बसले.

बसून करणार काय? ऊन डोक्यावर, पाणी बघता बघता होडीखालून सरकलं आणि चहूकडे काळाकुळकुळीत गाळ उघडा पडला. काठावरून ओरडा सुरू झाला, “भाषान! भाषान!” शेवटी मास्तरांनीच हळूच वही पुढे केली. शेठ उभे राहिले, खाकरले आणि वाचू लागले.

भाषण चांगलं होतं, मास्तर लिहायचेच चांगलं. कायद्यापुढे सगळे सारखे, बोलण्याचं स्वातंत्र्य, शिक्षणाचा मार्ग सर्वांना खुला. शेठ वाचत होते आणि काठ माना डोलवत होता. तिसऱ्या पानावर वाक्य आलं, “ज्याला शिक्षा द्यायची त्याचं म्हणणं आधी ऐकून घेतलं पाहिजे, हा न्यायाचा पाया आहे.”

“थांबा,” सुकाणूवरून आवाज आला.

हंसा उभी राहिली होती. आईने होडी इथे का आणली ते तिला एव्हाना समजलं होतं. पहिला अर्धा तास ती आईवर जळत होती. आता वाक्यच असं आलं होतं की गप्प बसणं तिच्याने होईना.

“चेअरमन साहेब, माझं म्हणणं कधी ऐकून घेतलं?”

“ए, खाली बस!”

“बोलू द्या पोरीला!” काठावरून गोजराबाई. “हक्काची सभा हाय का गप्प बसायची?”

“हक्क मोठ्या माणसांना असतात,” शेठ गरजले. “मताला एकवीस वर्षं लागतात. तू सतराची. तू कसली नागरिक?”

“मत नाही, साहेब. पण नागरिक मी जन्मल्यापासून आहे. वयाची अट मतपेटीला आहे, माणसाला नाही.”

“आणीबाणी आहे!” शेठने मास्तरांचं जुनं हत्यार उपसलं. “सगळं स्थगित आहे!”

“नाही, साहेब. दहा तारखेला उठली. मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत पेपर येतो, त्यात वाचलं. आज सोळा दिवस झाले. तुम्हाला मास्तरांनी सांगितलं नाही?”

शेठने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर वहीचा कोपरा दुमडत होते. काठावर कोणीतरी शीळ घातली. नवसीला आणीबाणी अजूनही कळली नव्हती, पण ती उठली आणि मास्तरच्या तोंडावर पडली एवढं कळलं, आणि तिला पहिल्यांदा जरा बरा वास आला.

मग चंद्रभान मास्तर उभे राहिले. भित्रा असला तरी माणूस शिक्षक होता, आणि आपल्याच विद्यार्थिनीने वाद मांडलाय म्हटल्यावर त्यांना राहवेना. “हंसा,” ते म्हणाले, “तुझा आधार कोणता? कलम सांग.”

“एकोणतीस, सर. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत धर्म, वंश, जात, भाषा यावरून कोणाला प्रवेश नाकारता येत नाही. आपली शाळा अनुदान घेते.”

“प्रवेश,” मास्तरांनी बोट वर केलं. “कलम प्रवेशाबद्दल आहे. तुला प्रवेश दिला होता. आणि कारणं चारच. धर्म, वंश, जात, भाषा. वासाचा उल्लेख घटनेत नाही.”

शेठ खुशीत आले. हंसाने ओठ चावला आणि म्हणाली, “बरोबर आहे, सर. तो मुद्दा मी सोडते.”

“सोडते?” नवसी ताडकन उठली, होडी गाळात कुचकुचली. “अगं, असा कसा सोडतेस? मासळी लावताना भाव सोडते का मी कंदी?”

“आये, चुकलेला मुद्दा धरून ठेवला की बाकीचे बुडतात. थांब.” ती पुन्हा मास्तरांकडे वळली. “मग मला कशासाठी काढलं? काय लिहिलंत?”

“शिस्तभंग. वरिष्ठांचा अवमान.”

“तो भाषणात झाला?”

“हो.”

“भाषण ‘आहे’ या बाजूने करायचं, ही चिठ्ठी कोणी दिली?”

“मी.”

“भाषण लिहून आधी कोणाला दाखवलं?”

“मला.”

“त्यात बाकाचं वाक्य होतं?”

“नव्हतं.” मास्तरांचा आवाज आता काठावर पोचेना. गोजराबाई ओरडली, “मोठ्यानं, मास्तर! हितं म्हातारी मानसं हायत!”

“नव्हतं!” मास्तर ओरडले. “मी समासात लाल शाईने लिहिलं होतं, ‘येथे प्रत्यक्ष उदाहरण द्यावे!’”

काठावर असा हशा उठला की तिवरांतले बगळे उडाले ते म्हणे डहाणूला जाऊन टेकले.

“मी उदाहरण दिलं, सर,” हंसा म्हणाली. तिचा आवाज मात्र हसत नव्हता. “तुम्ही सांगितलं म्हणून दिलं. आणि नाव कापताना मला एक शब्द विचारला नाहीत. का?”

उत्तर शेठने दिलं, छाती काढून. “मी सांगितलं म्हणून! शाळा माझी, हेडमास्तर माझा. ऐकायचं कुणी आणि कुणाचं, ते मी ठरवतो.”

इथे नवसीने कमरेचं मेणकापड सोडलं. अर्ज उलगडून मास्तरांच्या मांडीवर ठेवला आणि बांबू हातात घेतला. “झालं तर मग. मास्तर, सही करा. नाय केली तर सहालाबी ही होडी उठनार नाय. मी उठू देनार नाय.”

मास्तरांनी बांबूकडे बघितलं. मग हंसाकडे. “तूच सांग. अशी घेतलेली सही चालेल?”

हंसाचा चेहरा पडला. सव्वा महिना जिच्यासाठी झोप उडाली ती सही चार बोटांवर होती. “नाही,” ती म्हणाली. “आये, सर खरं बोलतात. बांबू दाखवून घेतलेली सही म्हणजे नसल्यासारखीच. उद्या ते बोर्डाला कळवतील, बळजबरी झाली. मग मी कायमची जाईन.” आणि तिने अर्ज उचलून घडी घातली.

नवसीला वाटलं, या पोरीला याच गाळात पुरावं. सव्वा महिना पाणी मोजलं, तिथी मोजली, वैऱ्यांना आणून गाळात बसवलं, आणि कार्टी जाळं वर घेऊन मासे परत सोडतेय. तिने बांबू असा आपटला की फळीला तडा गेला. “शिकवली हीच चूक झाली!” एवढंच ती म्हणाली.

या वेळी नागोराव गप्प बसले असते तर ते जिंकले होते. तीन वाजले होते, आणखी तीन तास काढायचे. पण ऊन, तहान, आणि काठावरची ती हसणारी तोंडं! त्यांना नुसतं जिंकून भागणार नव्हतं.

“मास्तर,” ते म्हणाले, “तो अर्ज घे आणि फाड. सगळ्यांसमोर.”

“शेठ, तो तिचा कागद आहे...”

“फाड म्हणतो ना! नाहीतर उद्यापासून शाळेत पाय ठेवू नकोस.”

“माझं म्हणणं तरी...”

“तुझं कसलं आलंय म्हणणं? अकरा वर्षं माझं खातोस आणि म्हणणं? हे जे भाषण लिहिलंस ना, तिसऱ्या पानावर माझी फजिती करायला लिहिलंस. काढला तुला. चल, विषय संपला.”

चंद्रभान मास्तर बसले होते तिथेच बसून राहिले. नवसीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला काहीतरी ओळखीचं दिसलं. असंच तोंड तिने शाळेच्या फाटकाजवळ, पाण्याच्या पिंपात वाकून, स्वतःचं बघितलं होतं. मास्तरांच्याही नाकात आत्ता काहीतरी ओतलं गेलं होतं. तिला त्यांची कीव नाही आली. उलट तिने हलकेच पाय मागे घेतला, शिजत आलेल्या भांड्याला धक्का लागू नये तसा.

मास्तर उठले. शेठच्या कोटाच्या खिशाला लावलेलं सोनेरी टोपणाचं पेन त्यांनी दोन बोटांनी अलगद उपसलं.

“हंसा, अर्ज दे.”

“सर...”

“दे.” आणि त्यांनी काठाकडे तोंड केलं. अकरा वर्षं दुसऱ्याच्या तोंडून बोललेला माणूस. त्याचा आवाज इतका खणखणीत असेल हे त्यालाही ठाऊक नसावं. “सगळे ऐकताय ना? बाईने मला बांबू दाखवला तेव्हा मी सही केली नाही. आता मला कोण दटावतंय? चेअरमन. कशासाठी? सही करू नये म्हणून! बळजबरी आहे ती न करण्याची. म्हणजे केली तर ती माझ्या मर्जीची. मुलीचं नाव मी पटावर परत घेतलंय. साक्षीला तुम्ही.”

“तू हेडमास्तर नाहीस!” शेठ किंचाळले. “तुला काढलाय!”

“तोंडी काढता येत नाही, शेठ. कमिटीची सभा लागते, लेखी लागतं, मला नोटीस लागते, माझं म्हणणं लागतं. नियमावली मीच लिहिली आहे तुमची. लेखी हातात पडेपर्यंत हेडमास्तर मीच.” त्यांनी भाषणाची वही गुडघ्यावर ठेवली, तिच्यावर अर्ज, आणि सही केली. इतकी ठसठशीत, की रेघ वहीच्या तीन पानांतून खाली गेली म्हणतात.

आता यात न्याय किती आणि खुन्नस किती हे मोजायला बसलं तर न्याय चिमूटभर भरेल. मास्तरांच्या डोळ्यांत हंसा नव्हती, नागोराव होते. पण सही ती सही. हंसाने शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, अर्ज मेणकापडात घातला, आणि मेणकापड असं छातीशी धरलं की ते काढून घ्यायला पलटण लागली असती.

नागोरावांनी तोही प्रयत्न केला. ते झेपावले. हंसा सरकली. होडी कलंडली, आणि रागाच्या भरात शेठनी जो पाय टाकला तो होडीच्या बाहेर पडला. दुसरा पाय पहिल्याच्या मदतीला गेला. गाळ वरून कडक दिसतो म्हणून त्यांनी तीन पावलं टाकलीसुद्धा. चौथं टाकायला पायच सापडेना.

गुडघे गेले. मांड्या गेल्या. कमरेला येऊन गाळ थांबला. कोट पसरून वर राहिला, धोतर कुठे गेलं ते गाळाला माहीत. नवे जोडे तर थेट पाताळात करकरत असतील.

“वर घे मला!” शेठ ओरडले. “ए बाई! दोर टाक!”

नवसीने दोर उचलला. सावकाश उकलला. होडीच्या कडेवर बसली आणि पाय बाहेर सोडले. “टाकते, शेठ. पन आदी तुमचं म्हननं सांगा.”

“काय?”

“म्हननं. तुमी माझ्या लेकीला न ऐकता घालवलं. आता मास्तरला न ऐकता घालवत हुता. आमी तसं नाय करत. आमच्या होडीतून कोनी असं उतरला तर आमी त्याचं समदं ऐकतो. बोला. निवांत बोला. पानी यायला टाइम हाय.”

शेठने शिव्या दिल्या. नवसीने त्या ऐकल्या, मान हलवत. “आनखी?” शेठने पोलिसांची धमकी दिली. “बरं. आनखी?” शेठने विनवण्या केल्या. काठावरून गोजराबाई म्हणाली, “हे मागनं झालं, म्हननं नाय झालं! त्या पोरीला का घालवलं ते बोला!” वीस वर्षांत पहिल्यांदा दोघींचा आवाज एका बाजूला लागला होता, आणि अशा दोन आवाजांच्या मधोमध कमरेइतक्या गाळात उभं राहणं दुश्मनावरही येऊ नये.

खाडीच्या तोंडाशी पाण्याची पहिली पांढरी रेघ दिसू लागली. ती शेठनीही पाहिली.

“पोरं हसली म्हणून!” ते एकदम बोलले. आवाज फुटला होता. “सगळी शाळा हसली, टाळ्या पडल्या. माझ्या समोर. एका कोळणीच्या पोरीने हसवलं. दुसरं काही नाही. शिस्तबिस्त काही नाही. झालं?”

कोणी हसलं नाही. हंसा आईजवळ आली. “आये, बस झालं. टाक दोर.”

नवसीने दोर टाकला. शेठने तो काखेखालून बांधला. नवसीने ओढायला सुरुवात केली, हंसानेही हात लावला, आणि तिसऱ्या बाजूने चंद्रभान मास्तर येऊन लागले. मास्तर जीव लावून ओढताना दिसत होते. पण शेठ वीतभर वर आले की दोर नेमका मास्तरांच्या हातातून निसटायचा आणि शेठ परत कमरेपर्यंत जायचे. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा हंसा म्हणाली, “सर.”

“हात घामेजलेत ग,” मास्तर म्हणाले.

“आसंल, आसंल,” नवसी म्हणाली. “उन्हानं व्हतं तसं.” आणि तिनेही थोडा दम घेतला.

भरती घोट्याएवढी आली तेव्हा शेठ होडीत आले. काळे, गप्प, अनवाणी. सहाला होडी उठली. नवसीने त्यांना पल्याड उतरवलं, तेही हात धरून, पाय घसरू नये म्हणून. सोमवारी, मुदतीच्या आदल्या दिवशी, हंसा अर्ज घेऊन शाळेच्या खिडकीशी गेली. पावती घेऊन परत आली तेव्हा नवसी उंबऱ्यात बसून बोंबील साफ करत होती. लेकीने पावती तिच्या नाकासमोर धरली.

नवसीने ती हुंगली. शाईचा वास होता. फक्त शाईचा.